आजचं पाणी

फाटकाशी एक काळा फळा आहे. त्यावर मी रोज सकाळी खडूनं लिहिते, 'आजचं पाणी', आणि पुढं एक शब्द. स्वच्छ. थंड. किंचित गढूळ. ही वैदेहीताईंची कल्पना. आयांनी आधी तो शब्द वाचायचा, मग पोरींना पोहण्याच्या टँकमध्ये उतरवायचं.

त्या वर्षी चैत्रात मी लिहिलं:

आजचं पाणी: हिरवट

ताई आल्या, वाचलं, पदरानंच पुसलं. म्हणाल्या, "हिरवट नको गं. 'देखभाल सुरू' लिही."

देखभाल सुरू, हे काही पाण्याचं वर्णन नाही. पण लिहिलं.

~

टँक पडेगावात आहे, दौलताबाद रोड सोडून थोडं आत. भोवती उंच निळे पत्रे. पत्र्याच्या बाहेर नव्या इमारती, अर्ध्या राहायला आलेल्या, अर्ध्या अजून बांबूत अडकलेल्या. मधल्या रस्त्यावर हंड्यांची रांग, कारण नळाला आठवडा आठवडा पाणी नाही. पत्र्याच्या आत आम्ही. मी सरिता. बायका आणि मुलींना पोहायला शिकवते. टँक ताईंचा.

पाणी आमचं.

म्हणजे माझ्या वडिलांच्या विहिरीचं. वडील रामकिसन. विहीर आज्यानं खणली, छावणीत माळीकाम करून घेतलेल्या जमिनीत. गावातल्या विहिरीवर आज्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. म्हणून त्यानं घराच्या आधी विहीर खणली. भिंती नंतर आल्या, छप्पर त्याच्याही नंतर. कुठल्याच दुष्काळात तिनं तळ दाखवला नाही. टँक झाला तेव्हा बाबांनी तिच्यातून पाइप टाकू दिला.

~

ताईंची आणि माझी ओळख कशी झाली तर

नाही, असं नको. ते पाणी पिण्यापासून सांगते.

ताई तेव्हा पडेगावात जागा बघत फिरत होत्या. ऊन लागलं म्हणून आमच्या दारात आल्या. मी विहिरीत होते, चुलत बहिणींच्या पाठीला भोपळे बांधून त्यांना हातपाय मारायला लावत होते. ताई काठावर बसल्या आणि बघत राहिल्या. आईनं विचारलं, पाणी देऊ का. विचारताना आई जरा थांबली होती, कारण शहरातल्या अशा बायका आमच्याकडं 'नको, आत्ताच प्यायले' असं म्हणतात. ताईंनी तांब्या घेतला, वर धरून नव्हे, तोंडाला लावून रिकामा केला, आणि पुन्हा मागितला.

मालनबाई म्हणजे माझी आई ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आली. "घटाघटा प्याली गं ती बाई," असं. जणू ताईंनी आमच्या घरावर काहीतरी लिहून ठेवलं होतं.

मग टँक झाला, मी नोकरीला लागले. वाकडे हातपाय मारणाऱ्या मला नीट स्ट्रोक ताईंनी शिकवले. त्यांच्या खोलीत माठ होता, त्यात आमच्या विहिरीचं पाणी. मी रोज भरायची.

~

दोन उन्हाळे आम्ही टँकचं पाणी बदललं नव्हतं. त्याचा आम्हाला अभिमान होता. उन्हानं उडेल तेवढंच वरून भरायचं. फिल्टर धुतल्याचं पाणी बादल्यांनी कडुनिंबाच्या रोपांना. ताई दर बॅचच्या पहिल्या दिवशी हे पालकांना सांगायच्या: बाहेर माणसं हंडे घेऊन उभी आहेत, आपण इथला एक थेंबही गटारात सोडत नाही. आया माना डोलवायच्या. मीही मागं उभी राहून डोलवायची. क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या तेवढ्या टाकत राहायचो. दुष्काळात टँक चालवायचा तर असाच, असं आम्हाला वाटायचं.

तरी पाणी हिरवं झालं. आधी पायऱ्यांच्या कोपऱ्यात, मग भिंतीवर, मग सगळं. भिंतीला हात लावला की बुळबुळीत.

ताईंचे मावसभाऊ शंतनूसर आले. शहरात त्यांचं पंपांचं आणि टँकच्या औषधांचं दुकान आहे. त्यांनी काचेच्या छोट्या बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. बाटलीतलं पाणी गडद निळं झालं. माझ्याकडं बघून म्हणाले, फॉस्फेट. मग ताई आणि ते खोलीत गेले. दार लोटलं. मी जाळीनं शेवाळ काढत राहिले.

संध्याकाळी आयांच्या ग्रुपवर ताईंचा मेसेज आला. मी कपडे बदलत होते, ओल्या हातानंच उघडला.

'नमस्कार. टँकच्या पाण्यात फॉस्फेटचे प्रमाण जास्त आढळले आहे. शेजारच्या वस्तीतील विहिरीच्या पाण्यात शेतीच्या खतांचे अंश असल्याने असे झाले आहे. ते पाणी आजपासून बंद केले आहे. काळजी नसावी.'

'थँक यू मॅडम.'

'वेळेवर लक्षात आलं हे बरं.'

'तरीच. रियाच्या अंगाला खाज सुटायची.'

'अशा ठिकाणचं पाणी घ्यायलाच नको होतं.'

हात जोडलेले. हात जोडलेले. अंगठा.

अशा ठिकाणचं म्हणजे कसल्या ठिकाणचं, हे कुणी लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. मीही त्या ग्रुपवर होते.

~

टँकच्या मालकानं फॉस्फेटची काळजी करावी का?

बाबा: "खत तर समद्याच रानात हाय. आपल्याच इहिरीत कसं आलं?"

गीतामावशी, आईची बहीण, फ्लॅटमध्ये धुणीभांडी करणारी: "ते फासफेट डोळ्याला दिसतंय का गं? आमच्या मॅडम म्हणल्या, उद्यापासून तुमच्या इहिरीचं नका आणू." नळ कोरडे पडल्यापासून मावशीच रोज दोन हंडे डोक्यावरून नेऊन त्या घरचा माठ भरत होती. मॅडमनं माठच उचलून बाल्कनीत उपडा ठेवला.

अप्पाराव, किराणा दुकानदार, बाबांचे जुने मित्र, हसत: "काय रामकिसन, टँक हिरवा केला म्हणं तुम्ही. आता आमच्या उधारीवर पण शेवाळ आणताव का?"

बाबा हसले. घरी आले आणि विहिरीच्या पायऱ्या घासायला बसले. दुसऱ्या दिवशी माणसं लावून तळातला गाळ काढला. गाळ निघालाच कितीसा, दोन घमेली. तो त्यांनी दारात वाळत घातला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा. कुणी आलं की विहिरीतलं पाणी काढून त्याच्यासमोर प्यायचे. तहान नसली तरी.

आई: "तिनं तर घटाघटा पिलं होतं."

~

आजचं पाणी: दुधी

शंतनूसरांनी दिलेलं फॉस्फेटचं औषध टाकलं आणि टँक पांढरा झाला, ताक सांडल्यासारखा. फिल्टर तुंबला. मग तळाशी पांढरा थर बसला, तो मी बसून बसून काढला. पाणी निवळलं. दोन दिवस छान होतं.

मग पुन्हा हिरवं.

ताईंच्या खोलीतला माठ गेला होता. त्याच्या जागी विकतच्या पाण्याचा निळा जार. तो उलटा ठेवलेला जार मी रोज बघत होते आणि मनाला सांगत होते की ताईंचा नाइलाज आहे. बाटली निळी झाली होती ना. मी स्वतः बघितली होती. शास्त्र आहे ते, त्यात माणूस काय करणार. हे मी बाबांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, "आसंल बाई. तू शिकलीस."

~

शंतनूसर तुंबलेला फिल्टर बघायला आले. पंपाच्या खोलीत आम्ही दोघंच. मी विचारलं, विहीर बंद केली, औषध टाकलं, मग शेवाळ येतंय कुठून.

त्यांनी हात पुसले. अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, सांगितलं.

"फॉस्फेट कुठं नसतं? सगळ्याच पाण्यात कमीजास्त असतंच. ते शेवाळाचं खाणं आहे, एवढंच. क्लोरीन आपलं काम करत असेल तर टँकवाल्यानं त्याची काळजी करायचं कारण नाही. घरात धान्य असतं, मांजर जागं असेल तर उंदीर येत नाहीत. तुमचं मांजर झोपलंय."

मग म्हणाले की त्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर आणखी एक गोष्ट असते. क्लोरीन उन्हात उडून जाऊ नये म्हणून घातलेली. ती स्वतः उडत नाही. पाणी बदललं नाही की साठत जाते, साठत जाते, आणि शेवटी क्लोरीनलाच धरून बसते. दोन उन्हाळे तुम्ही थेंब सोडला नाहीत, गोळ्या मात्र टाकत राहिलात. त्याला औषध नाही. निम्मं पाणी सोडायचं आणि नवं भरायचं.

मी म्हटलं, "मग बाटली निळी का झाली?"

"फॉस्फेट होतं म्हणून. नव्हतं असं कुठं म्हणतोय मी?"

"आणि औषध?"

"वैदेहीनं मागितलं. मी तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उपयोग नाही." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, "तुला बोलली नाही ती?"

पंप चालू होता. तो तसाच सोडून मी ताईंच्या खोलीकडं निघाले.

~

ताई खोलीत होत्या. मी दारातूनच विचारलं, सरांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का. त्या नाही म्हणाल्या नाहीत. हे मला अजून कळत नाही, की त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं का.

त्या म्हणाल्या, आधी बस. जारमधलं पाणी ओतून दिलं. मी घेतलं नाही.

मग शांतपणे समजावत राहिल्या. बाहेर बायका हंडे घेऊन उभ्या असताना निम्मा टँक गटारात सोडायचा कसा? कुणीतरी पत्र्यावरून एक फोटो काढला असता की महापालिकेनं टँकला सील ठोकलं असतं. आणि आयांना काय सांगायचं, दोन वर्षं पाणी बदललेलं नाही, त्यातच तुमच्या मुली पोहतायत? ज्याचं कौतुक करून घेतलं तेच चुकलं होतं, हे कुठल्या तोंडानं लिहायचं? टँक बंद पडला असता. तुझीही नोकरी गेली असती. काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं, आणि जे दिलं ते खोटं नव्हतं. फॉस्फेट होतंच की.

"मी तुझ्या वडिलांचं नाव कुठं घेतलं?" त्या म्हणाल्या.

"शेजारच्या वस्तीत विहीर एकच हाय, ताई."

मी एवढंच मागितलं की त्याच ग्रुपवर एकदा लिहा, विहिरीच्या पाण्यात दोष नव्हता. एक ओळ. बाकी टँकचं काय सांगायचं ते सांगा.

"पाणी निळं झालं की लिहिते," त्या म्हणाल्या. माझा हात धरला. "शब्द देते."

आणि मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा.

~

शेजारच्या इमारतीचा नवा स्लॅब टाकला होता, त्यावर मारायला बांधकामवाल्यांना पाणी हवंच होतं. पत्र्याखालून पाइप गेला. निम्मा टँक नव्या फ्लॅटच्या सिमेंटनं पिऊन टाकला. रस्त्यावरच्या रांगेला त्याचा वाससुद्धा आला नाही.

मग कडुबा नावाच्या ड्रायव्हरचा टँकर यायला लागला. ताईंनी सांगितलं, लासूर स्टेशनकडचं पाणी आहे. तिकडं कांद्याचा एवढा मोठा बाजार भरतो, तिकडचे शेतकरी खत टाकत नाहीत का, असं कुणी विचारलं नाही. लासूर लांब आहे, बहुतेक तेवढंच पुरेसं होतं.

टँक भरला. क्लोरीन जागा झाला. तळाच्या फरशांमधल्या रेघा दिसायला लागल्या.

आजचं पाणी: निळं (लासूरचं)

हे मी माझ्या हातानं लिहिलं. आयांनी फळ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. ताईंनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. ओळ लिहिली नाही. मी एकदा आठवण केली. म्हणाल्या, अगं आता कुठं सगळं रुळावर येतंय, कशाला तोच विषय. लोक विसरतात.

लोक विसरले नव्हते. गीतामावशीच्या मॅडमचा माठ अजून उपडाच होता.

~

त्या दुपारी मी पायी घरी निघाले. रस्ता तापलेला, आणि डांबरावर पाण्याची एक बारीक ओली रेघ. टँकरची तोटी गळते, सगळ्याच टँकरची गळते, तशी. टँकच्या फाटकापासून निघालेली. माझ्या मनात आलं, आता ही मोठ्या रस्त्याला लागेल आणि लासूरकडं वळेल.

रेघ मोठ्या रस्त्याला लागली नाही. माझ्याबरोबर चालत राहिली. अप्पारावांच्या दुकानापाशी वळली. विहारासमोरून गेली. निळ्या झेंड्याच्या सावलीत तेवढी जरा रुंद झाली होती, बहुतेक कडुबा तिथं बिडी प्यायला थांबत असावा. मग आमच्या बोळात शिरली. मी तिच्या बाजूनं चालत होते, तिच्यावर पाय पडू न देता, कारण पाय पडला की ते खरं होईल असं काहीतरी वाटत होतं.

रेघ आमच्या विहिरीशी संपली. काठावर टँकरच्या चाकांचा चिखल होता.

बाबा खाटेवर बसून होते. त्यांनी मला रेघेकडं बघताना बघितलं.

"ताई आल्त्या घरी," ते म्हणाले.

कधी, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. ताई आल्या, इथंच बसल्या, चहा घेतला. दुसरीकडं कुठं एवढं गोडं पाणी मिळेना म्हणाल्या. टँकरनं न्यावं लागेल, नाव मात्र लासूरचं सांगावं लागेल. कुणाला बोलायचं नाही, सरितालासुद्धा नाही, तिला वाईट वाटेल.

"आन् तुम्ही हो म्हणलात."

"काय म्हणू मंग? तुझी नोकरी हाय तिथं." विहिरीकडं बघत म्हणाले, "पाणी तर आपलंच नेत्यात ना? तोंडानं काय का म्हणंनात."

"बाबा, लोक प्यायचे बंद झाले आपल्या विहिरीचं."

"पोहायला तर आपल्याच पाण्यात पवत्यात." ते हे समाधानानं म्हणाले. "म्या शबूद दिलाय, सरू. तू मोडू नको."

आई चुलीपाशी होती. तिनं वळून न बघता सांगितलं, "पाणी पिली गं तिनं. आल्ती तवा पण. तांब्याभर."

~

ताई,

घाटी दवाखान्यात आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं तुमच्या त्या पहिल्या तांब्याची गोष्ट शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितली होती. तुम्हाला हे माहीत नाही. आमच्या घरात कुणाला भलं माणूस म्हणायचं असलं की आई तुमचं उदाहरण द्यायची. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा प्यायलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, की त्या तांब्यानं काय काय होतं? मला वाटतं ठाऊक होतं. मला वाटतं त्याच्यासाठीच प्यायलात.

हे मी त्यांना बोलले नाही. पाण्यात उभी राहून मनात म्हणत होते, दुसऱ्या दिवशी, नवी बॅच सुरू असताना.

~

आजचं पाणी:

फळ्यावर त्या दिवशी मी पुढचा शब्द लिहिलाच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी दिसतच होतं.

कठड्याला धरून लहान मुली रांगेत. त्यांना मी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावलं होतं. बाकावर आया. ताई त्यांच्या मागं उभ्या, हात घडी घालून, प्रसन्न. पहिल्या बाकावर मनस्विनी होत्या, रियाची आई, जिच्या अंगाला खाज सुटायची तिची. फ्लॅटमधला उपडा माठ त्यांचाच.

"किती छान झालंय आता," त्या मला म्हणाल्या. "फरक कळतो ना लगेच. लासूरचंच आहे ना हे?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती. खात्री होती. मी काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं, जसं त्यांना बाबा काय म्हणतील ते माहीत होतं, आई तांब्या कसा पुढं करेल ते माहीत होतं.

मला बाबांचा शब्द आठवला. शबूद दिलाय, सरू.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या विहिरीचं आहे. आधीही तेच होतं, आताही तेच आहे. टँकर आमच्याच दारातून भरतो."

मनस्विनी उठल्या, टॉवेल उचलला. "रिया," त्यांनी हाक मारली. "रिया, बाहेर ये."

रियाचे कान पाण्याखाली होते. ती बुडबुडे काढत होती. आम्ही सगळ्या तिच्या डोक्याकडं बघत उभ्या राहिलो, श्वास संपून ती वर येईपर्यंत. ती वर आली, खोकली, नाक पुसलं आणि हसली.

"मम्मा, थोडं पोटात गेलं."

मनस्विनींनी माझ्याकडं बघितलं.

तेव्हा ताई पुढं आल्या. मनस्विनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या त्या शांत, समजावणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "काही होत नाही हो. चांगलं पाणी आहे ते. मी स्वतः पिते."

मला हवी होती ती ओळ. चारचौघात, मोठ्यानं, शब्दन् शब्द. ती म्हणताना ताईंची माझ्याकडं पाठ होती.

मनस्विनींनी मान डोलवली. आणि रियाला टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन गेल्या. त्यांच्यामागून आणखी एक आई उठली. तिसरी उठावं की नाही, म्हणून ताईंकडं बघत बसून राहिली.

कठड्याशी उरलेल्या मुली माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, पुन्हा तोंड घाला. त्यांनी घातलं. मी बोलून टाकलं होतं, म्हणजे आज ना उद्या कडुबाचा टँकर आमच्या दारातून रिकामा परत जाणार होता, आणि बाबांना ते माझ्याकडूनच कळायला हवं होतं. अजून बॅच संपायची होती. मी छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले.